नाकाडोंगरीच्या रेंजवरचा फुसका बार

एकाहत्तरची लढाई संपून पाच वर्षं झाली होती, तेव्हा माझी बदली भंडारा जिल्ह्यात झाली. मी पायदळात हवालदार होतो. काम वेपन ट्रेनिंगचं. मूळचा पवनी तालुक्यातल्या आसगावचा. बारा वर्षांच्या नोकरीत राजस्थान पाहिलं, बंगाल पाहिला, बर्फही पाहिला, पण आपल्याच जिल्ह्यात वर्दी घालून राहायची वेळ पहिल्यांदा आली. आईला वाटलं, पोरगा घराजवळ आला, आता धोका टळला. मलाही तसंच वाटलं.

ज्या कंपनीवर मला पाठवलं ती नेहमीच्या पलटणीतली नव्हती. तिच्यातली माणसं वर्षभर आपापला धंदा करायची आणि हिवाळ्यात तीस दिवस वर्दी चढवायची. धानाचे शेतकरी, पवनीचे विणकर, मॅंगनीज खाणीवरचे मुकादम. लढाई लागलीच तर पूल आणि रेल्वेलाइन राखायची जबाबदारी त्यांच्यावर. त्यांना शिकवायला फौजेतले आम्ही मोजके लोक. वर एक कॅप्टन साहेब होते, उत्तरेकडचे, तिशीच्या आतले, स्वभावाने सरळ. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आसगावचे लोक मला घरच्या नावाने ओळखत होते, पण कॅम्पात तेही ‘उस्ताद’च म्हणत.

पलटणींना तोवर नवी रायफल मिळाली होती. आमच्याकडे जुनी थ्री-नॉट-थ्री. ही रायफल एकेक गोळी झाडते. गोळी सुटली की बोल्ट हाताने मागे ओढायचा, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की दुसरी गोळी चेंबरमध्ये जाते. सरावलेल्या हाताला यात एक सेकंद लागतो.

माझ्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की होती. हात थांबता कामा नये. लढाईत माझ्या डाव्या बाजूला एक जवान होता. घोडा दाबल्यावर त्याची गोळी सुटली नाही. तो रायफलकडे बघत राहिला आणि तेवढ्यात गेला. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या प्रत्येक क्लासमध्ये मी तेच घोकून घ्यायचो: बघत बसू नका, बोल्ट मारा, पुढची गोळी. झोपेतून उठवलं तरी हात चालला पाहिजे. ही शिकवण लढाईत खरी होती. तिला एक अपवाद आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. क्लासमध्ये तो अपवाद मी एका वाक्यात सांगून पुढे जायचो.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमचा कॅम्प नाकाडोंगरीजवळ लागला. एका टेकडीच्या पोटाशी टार्गेट उभे करायला चांगली जागा होती. मागे जंगल, गोळी अडवायला टेकडी, गाव दूर. सकाळी पाचला उठायचं, साडेपाचला पीटी, सातला चहा-नाश्ता, आठला रेंज. दुपारी रायफलची सफाई, चारला परेड. पहिले पंधरा-वीस दिवस कोरडा सराव, शेवटच्या आठवड्यात गोळीचा.

त्या कंपनीत लान्स नायक केवळराम धकाते होता. पवनीचा विणकर, वय बत्तीस. अंगाने किरकोळ, बोलायला कमी. नेमबाजीत पहिल्या पाचांत. मी काही सांगितलं की ‘हाव जी’ म्हणायचा आणि तसंच करायचा. त्याच्या सेक्शनमध्ये माझ्याच गावचा शिपाई गोविंदा काटेखाये होता. पंचवीस वर्षांचा, धानाची शेती, नुकतंच लग्न झालेलं. गोविंदाचा बोल्टवरचा हात कंपनीत सगळ्यांत जलद. मला त्याचा अभिमान होता आणि चारचौघांत मी तो बोलून दाखवायचो.

कॅम्पच्या सत्ताविसाव्या दिवशी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी पहिली घटना झाली. सावकाश फायर चालू होता. दहा जण ओळीने पालथे पडलेले, मी त्यांच्या मागे उभा. एवढ्यात केवळरामची रायफल वाजली, पण नीट वाजली नाही. ओला फटाका फुसकन जातो तसा आवाज. दोन-तीन जण हसले. कोणीतरी म्हणालं, फुसका बार निघाला.

केवळराम हसला नाही. त्याने बोट घोड्यावरून काढलं, रायफल टार्गेटकडेच ठेवली आणि डावा हात वर केला.

मी सवयीने ओरडलो, “धकाते, बोल्ट मार. पुढची गोळी.”

त्याने मारला नाही. मी पुन्हा ओरडलो. तो तसाच पडून राहिला. त्या माणसाने माझी मोडलेली ती एकच ऑर्डर.

मी रागात त्याच्याजवळ गेलो. तो हळू आवाजात म्हणाला, “उस्ताद, खांद्याले धक्काच नाई लागला जी. समोर टेकडीवर धूळबी नाई उडाली. मंग गोळी गेली कोठी?”

मी तिथेच फायर बंद करवला. अर्धा मिनिट थांबलो, कारण कधीकधी दारू उशिरा पेट घेते. मग मॅगझिन काढलं, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि बोल्टच्या बाजूने नळीत पाहिलं. नळीतून समोरचं आभाळ गोल दिसायला पाहिजे. मला काळोख दिसला. गोळी नळीत चार-पाच इंच जाऊन अडकली होती. पुंगळीत दारू होती, पण ओल लागून अर्धीच जळाली होती. त्याने माझं ऐकून बोल्ट मारला असता तर अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी पूर्ण जोराने येऊन आदळली असती. नळी फाटली असती आणि तीही त्याच्या तोंडाजवळ.

मी त्याला विचारलं, कसं कळलं. तो म्हणाला, “मागावर धोट्याचा आवाज बदलला का हात आपनच थांबते जी. पाहनं मंग होते.”

त्या दिवशी साडेनऊला मी सगळ्या कंपनीला झाडाखाली बसवलं आणि आधी एका वाक्यात उरकलेला अपवाद तासभर शिकवला. केवळरामची रायफल हातोहात फिरवली. प्रत्येकाला नळीतला काळोख पाहायला लावला. त्यांना सांगितलं, गोळी अजिबात सुटली नाही तर माणूस आपोआप सावध होतो. ही फुसकी गोळी त्याहून वाईट, कारण ती सुटल्यासारखी वाटते. ओळखायच्या खुणा थोड्याच आहेत. आवाज दबका येतो, धक्का कमी लागतो, बोल्टजवळून जास्त धूर निघतो, टार्गेटवर काही लागत नाही. यातली एकही खूण दिसली की हात थांबवायचा. बोट बाहेर, तोंड टार्गेटकडेच, हात वर. अर्धा मिनिट थांबायचं. मग रायफल रिकामी करायची आणि बोल्ट काढून नळी पाहायची. उजेड दिसला नाही तर ती रायफल हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररकडे. अडकलेली गोळी दुसऱ्या गोळीने काढायचा विचार कोणी स्वप्नातही करायचा नाही. गोविंदा पुढच्या रांगेत बसला होता. मी विचारलं तेव्हा त्याने सगळं बरोबर म्हणून दाखवलं.

पण वीस-पंचवीस दिवस घोकलेली सवय हातात असते आणि एका तासाचा धडा डोक्यात. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कॅप्टन साहेबांनी त्या दिवसाचा फायर थांबवला. ज्या पेटीतली ती गोळी होती ती पेटी वेगळी काढली. उरलेल्या पेट्या दुसऱ्या खेपेच्या नंबरच्या होत्या, वरून कोऱ्या दिसत होत्या, कागद बरोबर होते. दुसरा दारूगोळा मागवायचा तर आठ दिवस लागणार होते. तोवर कॅम्प वाढवावा लागला असता. रॅपिड फायर झाल्याशिवाय वर्षाचं ट्रेनिंग पूर्ण धरत नसत. माणसांची धानं खळ्यावर पडून होती. दोघं-तिघं माझ्याकडे येऊन गेले. गोविंदाही आला. म्हणाला, “उस्ताद, धानाचा चुरना बाकी हाये. बुढा बाप एकटाच करून रायला. कॅम्प नोका वाढवू जी.”

साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, “हवालदार, तुम्हारी क्या राय है? सब पेटियाँ वापस कर दूँ?”

त्यांनी ऑर्डर दिली नव्हती. मला विचारलं होतं. मी म्हणालो, साहेब, या पेट्यांतल्या पाच गोळ्या मी स्वतः झाडून बघतो. चालल्या तर उद्या रॅपिड फायर उरकून घेऊ. एक पेटी उघडली, पाच गोळ्या झाडल्या. पाचही व्यवस्थित गेल्या. साहेब म्हणाले, ठीक है.

संध्याकाळच्या चहाला केवळराम माझ्याजवळ आला. चहाचा पेला हातात धरून समोर उभा राहिला. मग म्हणाला, “उस्ताद, पाच गोळ्या म्हनजे थानातला वीतभर कपडा जी. तेवढ्यावरून आख्खं थान कसं समजंन?”

मी म्हणालो, पेट्या वेगळ्या नंबरच्या आहेत, सील शाबूत आहे. तो ‘हाव जी’ म्हणाला आणि गेला. त्याने वाद घातला नाही. मला आजवर वाटत आलं आहे की त्याने घालायला पाहिजे होता. पण वाद घालू नये हेही त्याला मीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला रेंज सुरू झाली. आभाळ ढगाळ होतं, हवा थंड. रॅपिड फायर म्हणजे एका मिनिटात पंधरा गोळ्या. पडून नेम धरणाऱ्या दर दोघांमागे मी एक अनुभवी माणूस ठेवला, आवाजावर लक्ष ठेवायला. तेवढी अक्कल मला होती. केवळरामला मी तिसऱ्या आणि चौथ्या फायररच्या मागे ठेवलं. पहिल्या तीन तुकड्या काही न होता पार पडल्या. मला हायसं वाटलं.

चौथी तुकडी नऊ वाजून दहा मिनिटांनी लागली. चौथ्या जागेवर गोविंदा होता. मी मध्यभागी मागे, हातात घड्याळ. साहेब टोकाला, लाल झेंड्याजवळ. मी ‘रॅपिड फायर’ म्हणालो आणि दहा रायफली एकदम सुरू झाल्या. अशा वेळी एकेका रायफलचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. सगळा मिळून एकच गडगडाट असतो.

चाळीस सेकंद झाले होते. मी घड्याळावरून नजर वर केली तेव्हा केवळराम गोविंदाच्या बाजूला गुडघ्यावर पडताना दिसला. त्याने एक हात गोविंदाच्या उजव्या हाताकडे नेला होता. तो ओरडत होता. नऊ रायफलींच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. गोविंदाने नंतर सांगितलं, तो “थांब, थांब गोविंदा” म्हणत होता. गोविंदाला ते ऐकू आलं. पण तोवर त्याच्या हाताने बोल्ट मारला होता आणि बोट घोड्यावर गेलं होतं. कंपनीत सगळ्यांत जलद हात.

पुढचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मी ओरडलो, “फायर बंद. खाली कर.” ‘खाली कर’ म्हणजे रायफल रिकामी कर; लाइनवर आणखी नऊ भरलेल्या रायफली होत्या. त्या रिकाम्या झाल्याशिवाय कोणालाही हलू द्यायचं नसतं. मीही हललो नाही. एकेक बोल्ट उघडा झालेला पाहिला, नऊ मोजले आणि मगच धावलो. नियम बरोबर आहे. आजही मी तसंच करीन. पण ते मोजताना केवळराम मातीत पडलेला मला दिसत होता.

नळी लाकडासकट फाटली होती. गोविंदाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. नळीचा एक तुकडा केवळरामच्या मानेत, कानाच्या खाली शिरला होता. तो वाकला नसता, मागेच उभा राहिला असता, तर तुकडा त्याला लागलाच नसता. मी फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. साहेबांनी वायरलेसवर भंडाऱ्याला कळवलं. मला एवढंच ऐकू आलं: “दो घायल, एक सीरियस, तुमसर ले जा रहे हैं.” नऊ वाजून वीस मिनिटांनी ट्रक निघाला.

मागे केवळराम आडवा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. गोविंदा समोर बसला होता, हाताला कापड गुंडाळलेलं. तो रडत नव्हता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. केवळरामला बोलता येत नव्हतं. त्याचे डोळे उघडे होते आणि तो गोविंदाच्या हाताकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, गोविंदा ठीक आहे, दोन बोटांवर निभावलं. त्याने पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या. तुमसरच्या अलीकडे रेल्वेफाटक बंद होतं. मालगाडी जात होती. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, फाटक उघडायच्या आधी, तो गेला.

चौकशी महिनाभराने झाली. आर्मररने फाटलेली नळी टेबलावर ठेवली. तिच्यात दोन गोळ्या एकीत एक घुसून बसल्या होत्या. त्या पेट्या मुळात आधीच्या पावसाळ्यात पाणी शिरलेल्या एका गोदामातल्या निघाल्या. बाहेरचं लाकूड नवीन होतं, आतल्या पत्र्याच्या डब्यांना सांध्यावर गंज. कोणाचं गोदाम, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी कागद लिहिले त्यांनी आपली उत्तरं दिली. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की पाच गोळ्यांवरून पेट्या चालवायचा सल्ला माझा होता आणि धकातेने आदल्या संध्याकाळी मला सावध केलं होतं. कॅप्टन साहेब म्हणाले, इजाजत मेरी थी. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. मला जास्त शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, पण बरं वाटावं म्हणून शिक्षा देत नाहीत.

चौकशीनंतर मी पवनीला त्याच्या घरी गेलो. आधीही गेलो होतो, अंत्यविधीला, पण तेव्हा वर्दीतली माणसं पुष्कळ होती. या वेळी एकटा. त्याची बायको लक्ष्मीबाई आणि म्हातारे वडील घरी होते. वडील मागावर होते. मी आलो तरी त्यांनी काम थांबवलं नाही. थोड्या वेळाने थांबवलं. मी सगळं सांगितलं, माझ्या पाच गोळ्यांसकट. काही लपवलं नाही.

लक्ष्मीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्यायले समजलं होतं का, गोळी अडकली म्हनून?”

“सगळ्यांच्या आधी त्यालाच समजलं.”

“मंग मांगं काहून नाई सरकले?”

मी म्हणालो, समोर गोविंदा होता. त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर द्यायला काही तरी असतं. त्यांनी मला चहा केला. मी प्यालो. वडील शेवटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि मला ते योग्यच वाटलं.

हातामुळे गोविंदाला फौजेतून काढलं. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, तो हात नीट चालत नव्हता. रोप धरताना सुटायचं. एकदा मी सुट्टीवर गेलो असता तो शेतात, बांधीच्या धुऱ्यावर बसलेला दिसला. म्हणाला, “उस्ताद, मले आवाज आला होता जी. धकाते भाऊचा. मी आयकलं, पन हात नाई थांबला.”

मी त्याला सांगितलं, हात तुझा होता, सवय माझी होती. त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी शिकवलं. दर कॅम्पला कोरड्या सरावात मध्येच कोणाच्याही कानाशी मी हळूच ‘फुस’ म्हणायचो आणि ज्याचा हात थांबला नाही त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचो. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. जवान वैतागायचे. पेटी आली की मी आतला पत्रा, प्रत्येक सांधा पाहायचो, शंका आली की सगळ्या पेट्या परत. माझ्यामुळे कॅम्प दोनदा वाढला. शिव्या खाल्ल्या. नोकरीच्या शेवटच्या आधीच्या वर्षी एका जवानाची रायफल रॅपिड फायरमध्ये दबकी वाजली. त्याचा हात जागच्या जागी थांबला. नळी पाहिली तर काळोख. त्या दिवशी काहीच झालं नाही. म्हणून तो दिवस कोणाच्या लक्षातही नाही.

पंच्याऐंशीत मी रिटायर झालो. पुढच्या वर्षी भंडाऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता. मी आणि गोविंदा एकत्र गेलो. सुरुवातीला जिल्ह्यातल्या शहीद जवानांची यादी वाचायची होती. मी आधीच आयोजकांकडे जाऊन केवळरामचं नाव घालायची विनंती केली होती. ते गृहस्थ भले होते. त्यांनी समजावलं की यादी लढाईत कामी आलेल्यांची आहे, ट्रेनिंगमधल्या अपघाताची नावं तिच्यात बसत नाहीत. मी फौजी माणूस. यादी कशी बनते ते मला माहीत आहे. मी बरं म्हणालो.

नावं वाचली गेली. पासष्टची, एकाहत्तरची. प्रत्येक नावाला लोक ताठ उभे होते. यादी संपली. वाचणाऱ्याने कागदाची घडी केली. दोन मिनिटं स्तब्धतेची सूचना व्हायची होती.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मोठा नव्हता, पण सभागृहात पोचला.

“लान्स नायक केवळराम धकाते. पवनी.”

गोविंदा बोलला होता. डावा हात त्याने खिशात ठेवला नव्हता, बाजूला सरळ सोडला होता. मागच्या रांगांत आमच्या जुन्या कंपनीतले चार-पाच जण होते. त्यांनी टाचा जुळवल्याचा आवाज ऐकू आला. वाचणाऱ्याने आमच्याकडे पाहिलं. मग त्याने स्तब्धतेची सूचना दिली आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.